वामकुक्षी आणि रात्रीची झोप

पुण्याच्या जुन्या पेठांत दुपारी एकच्या सुमारास काही दुकानांची शटरे आजही खाली ओढली जातात. ‘१ ते ४ बंद’ या पाटीची थट्टा पुष्कळ झाली; मात्र ही वेळ शरीराच्या घड्याळाशी बरोबर जुळते, हे त्या थट्टेत राहून गेले. याच काळात माणसाची तरतरी उतरते. पोटभर जेवणाने सुस्ती वाढते हे खरे, पण जेवण टाळले तरी ती येतेच.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यासोबत झोपेची ओढ वाढते. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ही साठत जाणारी ओढ आणि शरीराचे घड्याळ या दोहोंच्या मेळातून आपली झोप ठरते. दुपारची झोप ही त्या साठ्यातून केलेली उचल होय. दीडच्या सुमारास वीस मिनिटे डोळा लागला, तर रात्रीपर्यंत ती भरून निघते. परंतु चारला पडून सहाला उठणारा माणूस रात्री अकराला नुसता कूस बदलत राहतो, सकाळी जडपणाने उठतो आणि दुपारी पुन्हा आडवा होतो. शिवाय लांबलेल्या डुलकीत गाढ झोप लागते, आणि तिच्यातून मध्येच उठवल्यास बराच वेळ डोके जड राहते, नेमके शब्द सुचत नाहीत.

‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना चाळीस मिनिटांची विश्रांती देऊन पाहिले, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि पुढच्या प्रवासात अधिक सावध राहिले.

चरकसंहिता दिवसा झोपण्याची मुभा रात्र लहान असणाऱ्या ग्रीष्मात देते. इतर ऋतूंत ती मुख्यतः वृद्ध, बालक, दुर्बल, प्रवासाने थकलेले आणि रात्रभर जागलेले यांच्यापुरती ठेवते. आजचा रात्रपाळीचा कामगार या यादीत सहज बसतो. ‘वामकुक्षी’ म्हणजेही डाव्या कुशीवर लवंडणे, अंथरूण घालून पडदे ओढणे नव्हे.

निद्रानाशाच्या उपचारात अनेकदा दुपारची झोप बंद करायला सांगतात. जेवण आणि चहा यांमधले तीन तास रिकामे पडलेल्या निवृत्त माणसाला हे पथ्य गोळीपेक्षा जड जाते. अशा वेळी नातवाला शाळेतून आणण्याचे काम घरच्यांनी त्याच्याकडे सोपवलेले बरे.