कस्टमने माल अडवला, आता अर्ज कसा लिहायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

विमानतळावर तुमच्या सामानातून दागिना निघाला, कस्टमच्या अधिकाऱ्याने तो काढून घेतला, हातात एक पावती दिली आणि तुम्ही घरी आलात. घरी जो तो सल्ला देतो. कुणी म्हणतं, ओळख काढा. कुणी म्हणतं, गेलं ते गेलं. दोन्ही सल्ले सोडा. सीमाशुल्क कायदा, 1962 यात पुढची वाट कलमवार लिहिलेली आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. जप्ती वेगळी आणि सरकारजमा होणं वेगळं. जप्ती कलम 110 खाली होते. जप्त झालेला माल सरकारजमा करायचा असेल, तर कलम 124 प्रमाणे आधी तुम्हाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, तुमचं लेखी म्हणणं घ्यावं लागतं आणि सुनावणी द्यावी लागते. ही नोटीस जप्तीपासून सहा महिन्यांच्या आत यायला हवी. आयुक्त लेखी कारण नोंदवून आणखी सहा महिने वाढवू शकतात, पण तसं पहिली मुदत संपण्याआधी तुम्हाला कळवावं लागतं. पुन्हा सांगतो, सहा महिने. नोटीस नाही आणि मुदतवाढही नाही, तर वस्तू परत मागायचा हक्क तुमचा आहे.

म्हणून ती पावती जपा. त्यावर तारीख आहे का, वजन आहे का, वर्णन आहे का, ते तिथेच उभ्या उभ्या वाचा. नुसतं 'पिवळ्या धातूची साखळी, एक नग' असं लिहिलं असेल तर वजन लिहून मागा. आणि 'मला नोटीस नको, सुनावणी नको' अशा छापील मजकुराखाली घाईत सही करू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये असे छापील फॉर्म कलम 124 ला धरून नाहीत असं म्हटलं आहे. पण सही करून मग भांडण्यापेक्षा सही न करणं सोपं. विमान थांबायच्या आधी उठून बॅगा काढणारी आपली मंडळी हीच घाई पुढे ग्रीन चॅनलपाशीही, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या हिरव्या फाटकापाशीही करतात, आणि निम्म्या भानगडी तिथेच सुरू होतात. वस्तू खरीखुरी जाहीर केली असेल, तर कलम 80 खाली 'ती इथे ठेवून घ्या, परत जाताना नेईन' असं सांगता येतं. जाहीर न करता हिरव्या फाटकातून गेलात, की ही सोय हातची गेली.

आता नोटिशीचं उत्तर. बहुतेक उत्तरं एकाच जागी पडतात. 'मुलीच्या लग्नासाठी आणलं होतं, माझी परिस्थिती बेताची आहे, दया करावी.' अधिकाऱ्यापुढे प्रश्न दयेचा नसतो. माल कशाकशामुळे सरकारजमा होऊ शकतो ते सांगणाऱ्या कलम 111 मधलं कुठलं उपकलम तुमच्या वस्तूला लागू होतं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. यावरून मला एक किस्सा सांगायलाच हवा.

ऑक्टोबर 1926. न्यूयॉर्क बंदरात 'पॅरिस' नावाची बोट लागली. मूळचा रुमानियाचा आणि पॅरिसमध्ये काम करणारा शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रँकुसी याची शिल्पं तिच्यातून आली होती, आणि सोबत होता त्याचा मित्र, चित्रकार मार्सेल द्युशाँ. त्यात ब्राँझचं एक शिल्प होतं. उंच, बारीक, मध्ये किंचित फुगलेलं, आरशासारखं चकचकीत. नाव 'अवकाशातला पक्षी'. त्याला पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. अमेरिकेच्या 1922 च्या जकात कायद्यात कलाकृतीला शुल्क माफ होतं. कस्टमवाल्यांनी ते उलटसुलट फिरवून बघितलं आणि वर्ग ठरवला, स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाचं साहित्य! शुल्क 40 टक्के.

ब्रँकुसीच्या बाजूच्या लोकांनी काय केलं, ते नीट ऐका. त्यांनी माल बंदरात पडू दिला नाही. बाँडवर, म्हणजे लेखी हमी देऊन, शिल्पं सोडवली, प्रदर्शन ठरल्याप्रमाणे भरवलं आणि वाद मग कोर्टात नेला. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन याने तो पक्षी विकत घेतला होता.

सरकारी बाजूला 1916 च्या एका निकालाचा आधार होता. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची, तिच्या खऱ्या प्रमाणात केलेली प्रतिकृती, असा त्याचा अर्थ. त्या मापाने हा पक्षी नापास. न्यायाधीशांनी स्टायकनला विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? तो म्हणाला, शिल्पकार म्हणतो तेच, पक्षी. मग प्रश्न आला, हा जंगलात दिसला असता तर तुम्ही गोळी झाडली असती का? स्टायकन म्हणाला, नाही. साक्ष इथेच संपली असती, तर खटलाही संपला असता.

पण ब्रँकुसीच्या बाजूच्या वकिलांनी कायद्याची कलमं समोर ठेवून एकेक अट पुरी करत नेली. कायद्याला काय हवं होतं? करणारा व्यावसायिक शिल्पकार हवा, तर त्याचे साक्षीदार आणले. कृती मूळची हवी, तर ती त्याच्याच हातची असल्याचं दाखवलं. उपयोगाची वस्तू नको, तर या ब्राँझमध्ये काही शिजवता येत नाही हे उघड होतं. आणि 'पक्षी दिसत नाही' या आक्षेपाला शिल्पकार जेकब एपस्टाइनने कोर्टात थेट एक जुनं इजिप्शियन दगडी ससाण्याचं शिल्प आणलं. हजारो वर्षांपूर्वीचं, त्यातही पिसं नाहीत. तरी त्याला कला म्हणायला कुणाची हरकत नव्हती. मला तर वाटतं, त्या दगडी ससाण्याने दहा कलासमीक्षकांचं काम केलं. समीक्षक भारून बोलतात, आणि त्या भाषणाने न्यायाधीशाच्या हातात काही पडत नाही.

26 नोव्हेंबर 1928 ला निकाल लागला. न्यायालयाने लिहिलं की कलेचा एक नवा संप्रदाय उभा राहिला आहे, तो कुणाला आवडो न आवडो. ही वस्तू डौलदार आहे, डोळ्यांना सुखावणारी आहे, व्यावसायिक शिल्पकाराने केलेली मूळ कृती आहे. शुल्क माफ. एक गोष्ट बघा, ब्राँझचा तो तुकडा पक्षी दिसतो असं न्यायालयाने शेवटपर्यंत म्हटलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

तर आपल्या उत्तरातही हेच करायचं. नोटिशीच्या प्रत्येक परिच्छेदाला त्याच क्रमांकाने उत्तर द्या. आरोप कलम 111(एल) खाली, म्हणजे जाहीर न केल्याचा असेल, तर जाहीर केल्याचा कागद जोडा. 111(एम) खाली किमतीचा असेल, तर खरेदीचं बिल, कार्डाची किंवा बँकेची नोंद जोडा. दागिना जुना, इथूनच नेलेला असेल, तर सोनाराची जुनी पावती, तो अंगावर असलेले तारखेचे फोटो, निर्यात प्रमाणपत्र काढलं असेल तर ते. सगळे कागद याच टप्प्यावर द्या. कारण अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, 1982 च्या अपील नियमांतला नियम 5 तसा आहे. पुन्हा सांगतो, कागद आत्ता, नोटिशीच्या उत्तरासोबत. माल नाशवंत किंवा धंद्याचा असेल तर वाट बघू नका, कलम 110-अ खाली बाँड आणि हमी देऊन तात्पुरता सोडवायचा अर्ज करा. सुनावणीची तारीख पुढे ढकलून मिळते, पण एका पक्षकाराला तीनदाच.

आदेश विरुद्ध गेला तरी 'माल सरकारजमा' या वाक्यावर थांबू नका. पुढे कलम 125 चा उल्लेख शोधा. वस्तू प्रतिबंधित नसेल, तर दंड भरून ती सोडवायचा पर्याय अधिकाऱ्याला द्यावाच लागतो. प्रतिबंधित असेल, तर तो देणं त्याच्या मर्जीवर असतं. जाहीर न केलेलं सोनं बहुधा याच दुसऱ्या गटात टाकतात, म्हणून उत्तराच्या शेवटी हा पर्याय लेखी मागून ठेवा. या दंडाला वरची मर्यादा आहे, बाजारभावातून शुल्क वजा करून उरेल तेवढी. समजा भाव 5 लाख आणि शुल्क दीड लाख, तर दंड साडेतीन लाखांवर जाऊ शकत नाही. शुल्क वेगळं भरायचं. आणि कलम 112 चा व्यक्तीवरचा दंड त्याहून वेगळा. पर्याय दिल्यापासून 120 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर पर्याय बाद होतो. अपील चालू असेल तर गोष्ट निराळी.

आता अपील. ते आयुक्त (अपील) यांच्याकडे करायचं, आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत, सीए-1 नमुन्यात, दोन प्रतींत, आदेशाची प्रत जोडून. साठ दिवस. सबळ कारण असेल तर आणखी 30, त्यापुढे आयुक्तांच्याही हातात काही नाही. आधी साडेसात टक्के भरावे लागतात. वाद शुल्काचा असेल तर शुल्काचे, नुसत्या दंडाचा असेल तर दंडाचे. सोबत एक वेगळं पत्र द्या की अपील दाखल झालं आहे, निकालापर्यंत मालाची विल्हेवाट लावू नये. हे पत्र देऊन पोच घ्या.

तिथेही हरलात आणि वस्तू प्रवासी सामानातली असेल, तर न्यायाधिकरणाकडे जाऊ नका, ते ऐकणार नाहीत. सामानाचं प्रकरण कलम 129डीडी खाली केंद्र सरकारकडे पुनरीक्षणाला जातं. मुदत तीन महिने, नमुना सीए-8. वादातली रक्कम 1 लाखापर्यंत असेल तर फी 200 रुपये, त्यावर 1000.

जाता जाता, 'कस्टममधून बोलतोय, तुमचं पार्सल अडकलंय, या खात्यात पैसे टाका' असा फोन आला तर तो ठेवून द्या. खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम खातं ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर तपासता येतो.

आणि सोडवलेली वस्तू घ्यायला जाताना मूळ पावती, पासपोर्ट, पैसे भरल्याचं चलन आणि आदेश, चारही मूळ प्रतीत न्या. स्वतः जाणार नसाल तर अधिकारपत्र न्या. ताबा घेण्याआधी वजन तिथेच करून घ्या, आणि मगच सही करा.