डॉक्टरांनू, ह्यो कुत्रो खयच्या जातीचो?

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि एवढ्या उकाड्यात आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'श्वानवंश ओळख आणि जातिनिहाय कायद्यातील अडचणी'. हे शब्द माझे नव्हेत. मी फोनवर 'कुत्र्यांबद्दल बोलतो' एवढंच म्हटलं होतं. पण छापलंय तर तिथवर पोचायला हवं. पोचू.

आधी एक काम. दाराशी, चपलांच्या ढिगावर, एक कुत्रा झोपलाय. तुम्ही सगळे त्याला ओलांडून आत आलात. आता कागदाचे कपटे फिरतील. त्यावर त्या कुत्र्याची जात लिहायची, स्वतःचं नाव नको. वळून बघायला हरकत नाही, उठवू मात्र नका. तो इथे माझ्यापेक्षा जास्त वेळा व्याख्यानाला आलाय.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात ३१ वर्षं काढली. गाईम्हशी, शेळ्या, मधूनच एखादा पोपट. पण बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोकांनी मला विचारलेला प्रश्न एकच: 'डॉक्टरांनू, ह्यो कुत्रो खयच्या जातीचो?' रेबीजच्या लसीकरणाच्या शिबिरात आमच्याकडे एक तक्ता असायचा. मालक, कुत्र्याचं नाव, वय, रंग, जात. पहिले चार रकाने मिनिटात भरायचे, पाचव्याशी रांग अडायची. जात लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही, माणसाचा काय नि कुत्र्याचा काय. (हशा) शेवटी बहुतेक लोक खाली बघत म्हणायचे, 'गावठी लिवा.' खाली बघायचं कारण काय? गावठी कोंबडी म्हटलं की दर दुप्पट, गावठी अंड्यांसाठी चाकरमानी शेजाऱ्याचं दार वाजवतात. गावठी कुत्रा मात्र फुकट देऊनही कोणी नेत नाही.

आणि रायगडावरच्या वाघ्याची जात कृपा करून मला विचारू नका. त्यावर बोलायला पोलीस बंदोबस्त लागेल.

आता टिप्याची गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा राग तिच्यात आहे. मार्च २०२४. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना गेलं. २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री बंद करा. लोकांच्या घरी आधीच असतील त्यांची नसबंदी करा. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे, शिवाय त्यांचे संकरही. त्या यादीत 'टोसा इनू' आहे आणि पुन्हा 'जपानी टोसा'ही आहे. इनू म्हणजे जपानीत कुत्रा. म्हणजे आंब्याच्या यादीत 'हापूस' आणि 'हापूस आंबा' असे दोन वाण मांडावेत, तशातली गत. असो. ते पत्र सरकारी टपालाने जिल्ह्याला यायच्या आधी व्हॉट्सॲपवरून आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात पोचलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, अर्धं गाव समोर बसलंय.

त्या गावात नऊ वर्षांच्या एका मुलाच्या पोटरीला टिप्या नावाचा कुत्रा चावला. मुलाच्या आजीने जखमेत चुना आणि हळद भरली. हे करू नका. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस. पोटातली चौदा इंजेक्शनं इतिहासजमा झाली, घाबरू नका. मुलगा बरा आहे. पण पंचायतीत अर्ज आला: गावात पिटबुल आहे, बंदोबस्त करा. आणि मला निरोप: येऊन जातीचा दाखला द्या, संध्याकाळी चारपर्यंत.

गेलो. फणसाखाली टिप्या. तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, डोकं जरा रुंद, डावा कान मोडलेला. मालकीणबाई म्हणाल्या, 'गणपतीक पोरगो मुंबयसून घेवन इलो. लॅब म्हणान धा हजार दिल्यान.' सरपंचांनी मोबाइलवर पिटबुलचा फोटो काढून टिप्याच्या तोंडाशेजारी धरला, अर्थात लांबूनच, आणि म्हणाले, 'तोच.' पोलीस पाटलांचं मत रॉटवायलर. शाळेतले गुरुजी म्हणाले बॉक्सर. गडग्यापलीकडून एक गृहस्थ ओरडले, 'मी ह्याच्या बापाशीक वळाखतंय, तो कणकवलेच्या स्टँडार असता!' मुंबईहून आलेल्या कुत्र्याचा बाप कणकवलीच्या स्टँडवर कसा, हे कोणीच विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मात्र खाली बघत होतो. फणसाच्या बुंध्याला साखळी होती. टेप लावली: साडेतीन फूट. तेवढ्या त्रिज्येचा एक गोल लाल मातीत पडला होता, फिरून फिरून इतका गुळगुळीत की सारवल्यासारखा. पाण्याचं ॲल्युमिनियमचं भांडं गोलाच्या बाहेर, कुत्र्याच्या तोंडापासून वीतभर लांब, कलंडलेलं. दुपारी तिथे झाडाची सावलीही नसते. आणि त्या गोलात मुलांचा चेंडू तसाच पडलेला होता. चावल्याला चार दिवस झाले होते, पण तो उचलायला कोणी गेलं नव्हतं. मी पाणी आत सरकवलं. पाणी संपेपर्यंत टिप्याने मान वर केली नाही. मग चेंडू काढून घेतला, तरी त्याने बघितलंसुद्धा नाही.

दाखल्यात मी हे सगळं लिहिलं. साखळीची लांबी, भांडं, ऊन, पाऊलवाट किती फुटांवरून जाते ते. जातीच्या रकान्यात लिहिलं, 'निश्चित सांगता येत नाही.' कागद एका कचेरीतून परत आला: रकाना अपूर्ण. मग 'संकर' लिहिलं. परत: कोणत्या दोहोंचा ते नमूद करावे. वैतागून 'गावठी' लिहिलं, तर तिथला माणूस फोनवर मला समजावतो, 'डॉक्टर, गावठी कुत्रा दहा हजारांना कोण घेईल?' हा पुरावा! माझं ३१ वर्षांचं ज्ञान एका बाजूला आणि मुंबईच्या दलालाची पावती एका बाजूला. तोवर १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानेही. माझा दाखला अजून त्या कचेरीच्या कपाटात असणार.

चिठ्ठी आली. मला वाटलं जातीची; पण हिच्यावर 'दहा मिनिटं' लिहिलंय. म्हणजे मूळ विषय राहिलाच. पटापट घेतो.

नजरेने जात ओळखता येते का? कॅलिफोर्नियात २००९ साली २० मिश्र कुत्र्यांची डीएनए तपासणी झाली. ते दत्तक देणाऱ्या संस्थांनी सांगितलेल्या जातींपैकी एखादी मुख्य जात म्हणून निघाली, ती चारांतल्या एकाच कुत्र्यात. फ्लोरिडात १२० कुत्रे आणि १६ कर्मचारी, त्यांत पशुवैद्यही. पिटबुलचा शिक्का बसलेल्या दर तिघांपैकी एकात पिटबुलचं रक्तच नव्हतं, आणि रक्त असलेल्या पाचांतला एक सुटून गेला. कारण सोपं आहे. कान, केस, डोक्याची ठेवण थोड्याच जनुकांवर ठरते. स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी अमेरिकेत कॉकर स्पॅनियल आणि बसेंजी या दोन जातींचा संकर केला, तर पुढच्या पिढ्यांत आई ना बाप, कोणाच्याच वळणावर न गेलेली पिल्लं निघाली. शुद्ध जातीतही नावांचा घोळ आहेच. मुधोळात ज्याला मुधोळ म्हणतात त्यालाच लातूरकडे कारवानी म्हणतात, आणि केनेल क्लबच्या वहीत तो कॅरव्हान हाउंड.

इंग्लंडने १९९१ साली चार जातींवर बंदीचा कायदा केला. पिटबुल म्हणजे नेमका कोण हा वाद कोर्टात गेला आणि १९९३ मध्ये ठरलं की कायद्यातला 'टाइप' हा शब्द जातीपेक्षा रुंद आहे. पुरेशी लक्षणं जुळली की झालं. आणि सरकारने म्हटलं की कुत्रा त्यातला, तर तो नाही हे मालकाने सिद्ध करायचं. मग २०२३ च्या शेवटी एक्सएल बुली नावाचा आणखी एक प्रकार त्या बंदीत आला. त्याच्या व्याख्येत नर खांद्याशी किमान ५१ सेंटिमीटर, मादी ४८. म्हणजे टेप कोण धरतो आणि कुत्रा ताठ उभा राहतो की नाही, यावर त्याचा जीव. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी २००८ मध्ये उठवायचं ठरवलं, इटलीने आपली यादी २००९ मध्ये रद्द केली, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने ३१ वर्षांनी २०२० मध्ये मतदान घेऊन बंदी उठवली.

स्वभावाचं एक वाक्यात: १८ हजारांवर कुत्र्यांच्या २०२२ मधल्या अभ्यासात असं दिसलं की कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीने सांगता येतो.

आता माझ्याच विरुद्ध बोलतो. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा मोठी होते. ते खरं आहे, आणि त्या मुलाच्या आईपुढे मी ९ टक्क्यांचं गणित मांडलं नसतं. पण तिला न्याय द्यायला जात लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात जातीचा शब्दही नाही. तक्त्यात रकाना घालायचाच असेल तर साखळीच्या लांबीचा घाला, याआधी चावलाय का याचा घाला, लसीच्या तारखेचा घाला. मी हे लेखी कळवलंय. उत्तर यायचंय.

टिप्याचं विचारताय? मालकीणबाईंनी गडगा उंच केला, खळ्यात तार बांधून साखळी तिच्यावर सरकती केली. परवा गेलो तर माझ्यावर भुंकला. रीतसर.

प्रश्न चहाबरोबर घेऊ, शेवटच्या गाडीची मंडळी उठलीच आहेत. कपटे वाचतो फक्त. लॅब क्रॉस, गावठी, गावठी, अल्सेशियन... कुठून दिसला अल्सेशियन? डॉबरमन, कारवानी, गावठी, 'अंधारात दिसत नाही'. हा एक जरा मोठा आहे, शाई पसरलीय. 'आमचोच आसा. बिस्कुटा घालू नकात, पोट बिघाडलेला आसा.'