कोलंबीची पाठ, आपलं पोट

श्रोतेहो, नमस्कार. कोलंबी साफ करताना तिच्या पाठीवर चीर देऊन आपण एक काळा दोरा ओढून काढतो. ते तिचं आतडं. हृदयही पाठीच्याच बाजूला, कवचाखाली असतं. चेतारज्जू मात्र पोटाकडून, पायांच्या मधून जातो. आपल्या शरीरात नेमकं उलट आहे: चेतारज्जू पाठीत, आतडं आणि हृदय पुढच्या बाजूला.

पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जॉफ्रॉय सेंत-हिलेर यांनी १८२२ साली शेवंड उताणी ठेवून तिचं चित्र छापलं. उताणी केली की तिच्या अवयवांचा क्रम आपल्यासारखाच दिसतो. सगळे प्राणी एकाच आराखड्यावर घडलेत, असं ते म्हणू लागले. त्यांचे सहकारी जॉर्ज क्युव्हिए यांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या मते प्राण्यांचे आराखडे चार, आणि एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांचा उघड वाद झाला. निमित्त होतं आपल्या बाजारातल्या माकूळाचं. पाठीचा कणा असलेला प्राणी मागे दुमडला की माकूळ तयार होतो, असा एक निबंध आला होता. क्युव्हिए यांनी अवयवागणिक तुलना करून तो खोडून काढला.

माकूळाबाबत क्युव्हिए बरोबरच होते. जॉफ्रॉय यांच्याही बऱ्याच कल्पना टिकल्या नाहीत. पण उताणी शेवंड मात्र पुन्हा चर्चेत आली. चेतासंस्था कुठे घडवायची ते ठरवायला मदत करणारं एक प्रथिन फळमाशीत पोटाकडे तयार होतं, त्याचंच भावंड बेडकाच्या भ्रूणात पाठीकडे. १९९५ साली संशोधकांनी या दोघांची जनुकं अदलाबदल करून पाहिली. माशीच्या जनुकाने बेडकात काम केलं आणि बेडकाच्या जनुकाने माशीत! पन्नास कोटी वर्षांहून जुन्या पूर्वजाकडून आलेली ही यंत्रणा आहे. आपल्याकडच्या वंशात कधीतरी पाठ आणि पोट यांची अदलाबदल झाली असावी, असं आज बरेच जीवशास्त्रज्ञ मानतात. मला हा विज्ञानातला फार सुंदर शोध वाटतो.

क्युव्हिए यांच्या चार आराखड्यांच्या जागी आज तिसाहून अधिक प्राणिसंघ मानले जातात. कणा असलेले आपण सगळे, मासे, बेडूक, पक्षी, माणूस, त्यांतल्या एका संघाचा केवळ एक भाग. प्राण्यांच्या १०० ज्ञात प्रजातींपैकी ९५हून अधिक कण्याविनाच जगतात. स्पंजाला तर तोंडही नाही. अंगभर असलेल्या छिद्रांतून पाणी आत ओढायचं, अन्नकण गाळून घ्यायचे आणि पाणी वरच्या भोकातून सोडून द्यायचं, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं.

तारामासा मात्र कुठल्याच हिशेबात सहज बसत नाही. त्याची अळी आपल्यासारखीच, डावी-उजवी बाजू असलेली. ती पाण्यात तरंगत वाढते, आणि तिच्या डाव्या अंगाला पाच बाजूंचा प्रौढ तारामासा आकार घेऊ लागतो. मग त्याचं डोकं कोणतं आणि धड कोणतं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या त्वचेत कोणती जनुकं कुठे चालू आहेत, याचा नकाशा काढला गेला. डोकं घडवणारी जनुकं पाचही बाहूंच्या मध्यरेषेवर सापडली, धडाची जवळजवळ नाहीतच. म्हणजे समुद्रतळावर सरकणारा हा प्राणी बाहेरून पाहता बहुतांश डोकंच, आणि त्यात मेंदू नाही, तोंडाभोवती चेतातंतूंचं कडं आहे. त्याच्या प्राचीन नातलगांच्या जीवाश्मांत मात्र धड दिसतं. ते केव्हा आणि का नाहीसं झालं, हे अजून शोधायचं आहे.