“आई, तू इनॅक्टिव्ह आहेस”

(अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या जानेवारी २०२६च्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी करून संकेतस्थळासाठी देत आहोत.)

मंडळी, नमस्कार.

मला आज मराठी शाळेबद्दल बोलायला सांगितलं होतं. ते भाषण लिहूनही झालं होतं. पण दोन आठवड्यांपूर्वी घरी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाहीये. म्हणून शाळेचं राहू द्या, आज हे ऐका.

माझी लेक साडेसतरा वर्षांची झाली. जॉर्जियात त्या वयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, मत अठरा पूर्ण झाल्यावर. मी स्वयंपाकघरात ताटात तीळ निवडत बसले होते आणि ही समोर लॅपटॉप घेऊन नोंदणी करत होती. तिचं झालं. मग म्हणाली, “थांब, तुझंही बघते.” काउंटी, म्हणजे आपला जिल्हा, टाकली, जन्मतारीख टाकली, आणि गप्पच झाली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, “आई, तू इनॅक्टिव्ह आहेस.”

मला आधी कळेचना. वीस वर्षं या मंडळात आहे मी. दिवाळी फराळाच्या याद्या, गणपतीचा महाप्रसाद, रविवारची शाळा. मला आजवर कोणी काहीही म्हटलं असेल, पण हा शब्द कोणी वापरला नव्हता. तिने मला नियम वाचून दाखवला. पाच वर्षं तुम्ही मत दिलं नाही, पत्त्यात बदल कळवला नाही, कसलाच संपर्क ठेवला नाही, की घरी एक पत्र येतं. त्याला उत्तर दिलं नाही की तुम्ही इनॅक्टिव्ह. त्यानंतर दोन सार्वत्रिक निवडणुका तशाच गेल्या की नाव यादीतून जातं. माझी त्यातली एक गेलेली आहे. दुसरी या नोव्हेंबरात.

ते पत्र घरी आलंच असणार. छप्पर दुरुस्तीच्या जाहिराती आणि पिझ्झाची कूपनं यांच्याबरोबर मीच ते टोपलीत टाकलं असणार.

मग आमचं वाजलं. मी म्हटलं, अगं, २०१४ साली सिटिझन झाले, २०१६ला मत दिलं. २०१८ला आजीच्या आजारपणासाठी मिरजेला होते, २०२०ला कोविड होता. ती म्हणाली, “आणि २०२१च्या जानेवारीत? तेव्हा तू घरी होतीस. मला आठवतंय. मी रिबन बांधत होते.”

मंडळी, तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. ५ जानेवारी २०२१, मंगळवार. हॉल बंद होते, म्हणून आपण ठरवलं होतं की संक्रांतीला गाड्या रांगेने येतील आणि खिडकीतून तिळगुळाची पुडी द्यायची. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोनशे पुड्या होत्या. गुळाने बोटं चिकटत होती, लेक बारा वर्षांची, मान खाली घालून एकेका पुडीला पिवळी रिबन बांधत होती. मतदान केंद्र घरापासून दीड मैलावर. सातपर्यंत उघडं होतं. साडेसहाला मी घड्याळ पाहिलं होतं, हे मला लख्ख आठवतंय. आणि मनात म्हटलं होतं, नोव्हेंबरात झालीय की निवडणूक, आता पुन्हा काय एवढं!

ते “पुन्हा काय” किती मोठं होतं, ते सांगते. नोव्हेंबरात सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, एका जागेवर डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले. आपल्या राज्यात पन्नास टक्क्यांच्या वर मतं मिळाल्याशिवाय सिनेटवर जाता येत नाही, पहिल्या दोघांची पुन्हा लढत होते. दुसऱ्या जागेवर तर वीस उमेदवार होते, तिथे कोणी पन्नासच्या जवळपासही नव्हतं. त्यामुळे दोन्ही जागा एकाच दिवशी पुन्हा मतदानाला आल्या, आणि सगळ्या सिनेटचं बहुमत या दोन जागांवर टांगलेलं होतं. प्रचारावर पन्नास कोटी डॉलरहून जास्त ओतले गेले. जाहिरातींमुळे टीव्ही लावायची सोय नव्हती. निकाल लागला तेव्हा पर्ड्यूंच्या विरोधातले जॉन ऑसॉफ सुमारे पंचावन्न हजारांनी जिंकले, दुसऱ्या जागेवर राफाएल वॉर्नॉक सुमारे त्र्याण्णव हजारांनी. सिनेटमध्ये दोन्ही बाजू पन्नास-पन्नास झाल्या आणि निर्णायक मत उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या हाती आलं.

पंचावन्न हजार हा आकडा मोठा वाटतो ना? जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत. भागून बघा. काउंटीमागे साडेतीनशेसुद्धा येत नाहीत. आपल्या गणपतीच्या पंगतीत याहून जास्त पानं उठतात. आणि त्याच्या दोनच महिने आधी, अध्यक्षपदाचा निकाल या राज्यात ११,७७९ मतांवर ठरला होता.

कोण जिंकायला हवं होतं, हे मी आज बोलणार नाही. मंडळ कुठल्या पक्षाचं नाही, ते तसंच राहावं, आणि या हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं बसली आहेत हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या संध्याकाळी मी दोनशे पुड्या बांधल्या आणि त्यातली एखादी थांबली असती तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

आता तुम्हाला थोडं रागावते. मोठी बहीण म्हणून रागावते, मनाला लावून घेऊ नका.

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये मेकन शहरातल्या सभेत पर्ड्यूंनी ‘कमला’ या नावाचे वेडेवाकडे उच्चार केले होते. त्यांच्या माणसांनी सांगितलं की उच्चार चुकला, दुसरं काही नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी किती संताप होता! आपल्या प्रत्येकाच्या मुलाचं नाव शाळेत पहिल्या दिवशी असंच चेपलं गेलेलं आहे, म्हणून ते लागलं. खूप लागलं. पण जानेवारीत मी ग्रुपवर विचारलं असतं, की आज कोण कोण जाऊन आलं, तर किती हात वर झाले असते? मी विचारलंच नाही. कारण माझाच हात वर झाला नसता.

दुसरी गोष्ट. २०२२चा जून आठवतो? राज्यसभेच्या सहाव्या जागेची निवडणूक. तिकडे पहाटेपर्यंत मोजणी अडलेली आणि इकडे शुक्रवारची संध्याकाळ. आम्ही चार कुटुंबं जेवायला जमलो होतो. ताटं तशीच राहिली. कुठल्या आमदाराचं मत बाद झालं, दुसऱ्या पसंतीची मतं कुणाकडे गेली, धनंजय महाडिक आत आणि संजय पवार बाहेर कसे, हे गणित त्या टेबलावर प्रत्येकाला पाठ होतं. मायभूमीची ओढ आहे, ती असायचीच, आणि मला तिची लाज नाही. पण त्या निवडणुकीत आपल्यातल्या कुणालाही मत नव्हतं. तिकडच्या सामान्य मतदारालाही नव्हतं, कारण राज्यसभेला आमदार मत देतात. इथे सिनेटचंही पूर्वी असंच होतं. राज्याच्या विधिमंडळाने सिनेटर निवडायचे. १९१३ साली घटनादुरुस्ती झाली आणि ते मत थेट लोकांच्या हातात आलं. म्हणजे आपल्या हातात. जिथे मत नाही तिथलं गणित तोंडपाठ, आणि जिथे आहे तिथे मी इनॅक्टिव्ह.

हा शब्द पाठ सोडत नाही बघा.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून या राज्याच्या निवडणुकांचा इतिहास वाचत बसले. इथे एकेकाळी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, माणसं मोजतच नसत, काउंट्या मोजत. अटलांटाच्या फुल्टन काउंटीला सहा एकक, आणि सगळ्यात लहान काउंटीलाही दोन. तीन चिमुकल्या काउंट्या मिळाल्या की सगळ्या अटलांटाची बरोबरी. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने ते मोडलं. लगेच १९६४ साली पन्नास टक्क्यांचा आणि पुन्हा मतदानाचा नियम आला. तो पुढे रेटणारे आमदार डेन्मार्क ग्रूव्हर स्वतः काळ्या मतदारांच्या एकगठ्ठा मतांमुळे १९५८ला हरले होते, आणि काळ्या मतांचा जोर कमी करणं हा हेतू होता, हे त्यांनी पुढे कबूल केलं. त्याच नियमातून २०२१ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एबनेझर चर्चचे पाद्री वॉर्नॉक राज्याचे पहिले काळे सिनेटर झाले. ज्यांना अडवण्यासाठी दार केलं, तेच त्या दारातून आत गेले. कारण ते रांगेत उभे राहिले होते.

आपल्यापैकी निम्मे लोक फोरसाइथ काउंटीत राहतात. शाळा उत्तम, घरं मोठी, इंडियन स्टोअर पाच मिनिटांवर. याच काउंटीतून १९१२ साली सुमारे अकराशे काळ्या रहिवाशांना हुसकावून लावलं होतं, जवळजवळ सगळ्यांना. १९८७च्या जानेवारीत तिथे मोर्चा काढणाऱ्यांवर दगड पडले. पुढच्याच आठवड्यात वीस हजारांच्या आसपास माणसं चालली. एकोणचाळीस वर्षं झाली फक्त, हाच महिना. मी तिथे घर घेताना लॉनला पाणी किती लागतं ते विचारलं होतं, हे विचारलं नव्हतं.

मिरजेला मी पहिलं मत माझ्याच शाळेत दिलं होतं, सातवी ‘ब’च्या वर्गात. बाबांनी बाहेर आल्यावर बोट हातात घेऊन शाई बघितली होती, ओली आहे का म्हणून. तिथला हक्क मी सिटिझनशिपची शपथ घेताना स्वतः सोडला. तेव्हा रडले होते, तुमच्यातल्या काहींनी पाहिलंय. तिथलं नाव मी समजून उमजून सोडलं, आणि इथलं माझ्या नकळत पुसत चाललं होतं. मग मी नक्की कुठल्या गावची?

या हॉलमध्ये अनेक जण ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. दहा दहा, बारा बारा वर्षं. कर भरता, मुलं इथे शाळेत जातात, आणि मत नाही. तुम्हाला मी काय सांगणार! उलट ज्यांना हा हक्क मिळाला आहे त्यांच्याकडे तुम्ही हिशोब मागा. मला मागा. येत्या ३ नोव्हेंबरला ऑसॉफ यांची जागा पुन्हा मतदानाला आहे, त्याआधी मे महिन्यात प्रायमरी. मी दोन्हीला जाणार आहे. बाहेर मुलींनी लॅपटॉप ठेवला आहे, तिळगूळ घेताना आपापलं नाव बघून घ्या. कुणाला मत देणार हे तिथे कोणी विचारणार नाही.

पण एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलेलं नाही. भांडण निवल्यावर लेकीने विचारलं, “आई, तुम्ही लहानपणापासून सांगता, मंडळात राजकारण नको, जेवताना राजकारण नको, शेजाऱ्यांशी तर नकोच. मग मी हे शिकायचं कुठे?”

तिच्या वयाची वीसेक मुलं आत्ता मागे खुर्च्या मांडताहेत. मी घरी गप्प बसले. पुढे काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर मला येऊन सांगा, मी तिळगुळाच्या टेबलापाशीच आहे.