सिंहगडावरची काजळी

(पहाट. गडावरची झोपडी, पेटलेली चूल.)

पिठलं-भाकरीची तयारी चाललीय. तव्याच्या बुडाला हात लावा, बोट काळंकुट्ट. आजी दिव्यावर वाटी धरून काजळ पाडायची ना, तीच ही काजळी.

(खाली पुणे, धुरकट.)

आता खाली बघा. हिवाळ्यातल्या त्या करड्या पट्ट्यातही काजळीच आहे. काही चुलीची, काही डिझेलची, काही कोळशाची. सगळी सारखीच काळी. मग कुठली कुठून आली, ओळखायचं कसं?

याच गडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं निरीक्षण केंद्र आहे. हिवाळ्यात इथली हवा गाळून काजळी गोळा केली. मालदीवच्या हनीमाधू बेटावरही तेच केलं, कारण थंडीत आपल्याकडचा धूर वाऱ्याबरोबर समुद्रावर जातो. स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काजळीत कार्बन-१४ किती आहे ते मोजलं. (कार्बनचं हे एक किरणोत्सारी रूप, काळाबरोबर हळूहळू विरत जाणारं.) लाकडात, शेणीत तो असतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेल्या कोळशात आणि तेलात तो कधीच संपलेला. २००९ मध्ये उत्तर आलं : साधारण निम्मी ते दोन तृतीयांश काजळी लाकूडफाट्याची, पालापाचोळ्याची. उरलेली खनिज इंधनाची.

म्हणजे सगळं चुलीवर ढकलून मोकळं होता येत नाही. (तशी आपल्याला हौस फार.) शिवाय चुलीच्या धुरात फिकट कणही पुष्कळ असतात, ते थोडं ऊन परतवतात. डिझेलच्या धुरात काळ्याचाच भरणा.

(घाट चढणारा जुना ट्रक.)

काळी छत्री उन्हात तापते, तशी काजळी हवेत तापते आणि भोवतालची हवा तापवते. हिमालयात ती बर्फावर बसते. ताजं बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतं. काजळलेलं बर्फ ते पिऊन घेतं आणि लवकर वितळतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे नवे कडक नियम, लागू झाले. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. हा ट्रक त्याआधीचा.

(जून. गडावर ढग.)

वारा फिरलाय. काजळी हवेत जेमतेम आठवडाभर टिकते. पहिल्या सरींबरोबर ती खाली येईल, झोपडीच्या पत्र्यावरून ओघळेल. त्याच ट्रकने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मात्र पावसाने धुतला जात नाही. त्यातला बराचसा शंभर वर्षांनीही वरच असेल.