कार्बनखालची कादंबरी

(दृश्य : टाइपरायटरचा रूळ, कागद जुळवणारे हात)

आधी गठ्ठा लावायचा. पातळ कागद, त्याखाली कार्बन, पुन्हा कागद, पुन्हा कार्बन. बारा प्रती हव्या असतील तर बारा कागद आणि अकरा कार्बन. कार्बनची शाईची बाजू खाली. एखादा उलटा गेला, तर मजकूर वरच्या पानाच्या पाठीवर आरशातल्यासारखा उमटतो आणि खालचं पान कोरं राहतं. नेहमीचा जाड कागद इथे कामाचा नाही, चार-पाच प्रतींतच अक्षर पुसट होतं. तीनशे पानांच्या कादंबरीला असे तीनशे गठ्ठे, म्हणजे 3600 कागद. चूक झाली तर बारा ठिकाणी खोडायची. म्हणून बहुतेक जण त्या शब्दावर फुल्या मारून पुढे जात.

1970 च्या दशकातलं चेक साहित्य बरंचसं असं तयार झालं.

(दृश्य : प्राग, ऑगस्ट 1968)

1968 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या देशांचे, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचे, रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि त्यानंतर कित्येक लेखकांना छापखान्याची दारं बंद झाली. कादंबरीकार बोहुमिल ह्राबाल यांची छापून तयार झालेली पुस्तकं 1970 मध्ये लगद्यात गेली. 1950 च्या दशकात याच ह्राबाल यांनी प्रागमध्ये रद्दीचे गठ्ठे बांधायचं काम केलं होतं! पुढे त्यांनी ‘फार गोंगाटी एकांत’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायक हान्त्या पस्तीस वर्षं रद्दी दाबतो आणि त्यातली पुस्तकं वाचवतो.

लेखक लुद्वीक वात्सुलीक यांनी टंकलिखित पुस्तकांची मालिका सुरू केली. नाव ‘पेत्लित्से’, म्हणजे दाराचा कडी-कोयंडा. पुस्तकात एक सूचना असे : या हस्तलिखिताची पुढे नक्कल करण्यास स्पष्ट मनाई आहे. ही सूचना म्हणजे पळवाट होती. लेखकाने सही करून मित्राला दिलेलं हस्तलिखित म्हणजे प्रकाशन नव्हे, असा तो युक्तिवाद. पोलिसांना तो नेहमी पटत नसे. झडत्या होत, कागद जप्त होत. तरीही पेत्लित्सेची पुस्तकं जवळपास चारशेपर्यंत गेली. 1975 मध्ये नाटककार वात्स्लाव हावेल यांनी ‘एक्स्पेदित्से’ ही दुसरी मालिका काढली.

(दृश्य : शेवटच्या प्रतीचं पान, अगदी जवळून)

शेवटची प्रत नीट पाहा. चेक लिपीत स्वराचा दीर्घपणा अक्षरावरच्या बारीक रेघेने दाखवतात. ‘द्राह’ म्हणजे रुळमार्ग, ‘द्रहा’ म्हणजे प्रिया. अक्षरं तीच, रेघ फक्त वेगळ्या स्वरावर. अकरा कार्बनांखाली रेघ पुसली की दोन्ही शब्द सारखेच दिसतात. आपल्याकडे काना पडल्यावर होईल तसा घोळ. मनाई असूनही वाचक अशाच प्रतीवरून पुन्हा टाइप करत, आणि पोथ्यांसारखे पाठभेद वाढत. त्यात ह्राबाल यांच्या त्या कादंबरीचे तीन खर्डे : पहिला मुक्तछंदात, दुसरा बोली चेकमध्ये, तिसरा प्रमाण भाषेत. संपादकांचं डोकं उठलं नसतं तरच नवल.

छापील प्रत हवी असेल तर वाट टोरांटोहून होती. योसेफ श्क्वोरेत्स्की आणि झ्देना सालिवारोवा या देश सोडून गेलेल्या लेखक दांपत्याने 1971 मध्ये तिथे ‘सिक्स्टी-एट पब्लिशर्स’ उभारलं. चोरवाटेने हस्तलिखितं बाहेर जात, पुस्तकं परत येत. मिलान कुंदेरा यांची सर्वांत गाजलेली कादंबरी चेकमध्ये 1985 मध्ये तिथेच छापली गेली. त्यांच्या मायदेशात ती निघाली 2006 मध्ये, म्हणजे कम्युनिस्ट राजवट पडून सतरा वर्षं झाल्यावर. हा उशीर मात्र सेन्सॉरच्या खाती टाकता येत नाही.

1984 चं साहित्याचं नोबेल चेक कवी यारोस्लाव्ह सायफर्ट यांना मिळालं. त्यांचा ‘प्लेगचा स्तंभ’ हा कवितासंग्रहही आधी टाइप केलेल्या प्रतींतूनच फिरला होता.

(दृश्य : प्रागमधलं ‘लिब्री प्रोहिबिती’ ग्रंथालय)

1990 मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथालयात त्या प्रती वाचायला मिळतात. कागद इतका झिरझिरीत, की पानामागे एक कोरा कागद सरकवावा लागतो, नाहीतर पुढच्या पानाची अक्षरं यात मिसळतात.