‘लक्ष देऊन खेळ’ म्हणजे नक्की काय कर?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘हरलेला डाव आणि पुढची फेरी’. त्याकडे येतोच. पण आधी एका वाक्याचा निकाल लावायचा आहे, कारण ते प्रत्येक बुद्धिबळ स्पर्धेच्या दारात ऐकू येतं. मूल हरून बाहेर येतं, डोळे भरलेले असतात, आणि आई-बाबा, कधी प्रशिक्षकसुद्धा म्हणतात, ‘अरे, लक्ष देऊन खेळत जा ना!’

माझं ठाम म्हणणं आहे की त्या मुलाचं लक्ष होतंच. दोन तास मान खाली घालून ते पटाकडेच बघत होतं. पण सगळं लक्ष स्वतःच्या बेताला चिकटलं होतं. ‘माझा घोडा इथे येणार, मग वजीर तिथे, मग मात.’ या बेतात समोरचा खेळाडू कुठेच नाही. अशा मुलाला ‘आणखी लक्ष दे’ म्हटलं की ते त्याच बेताकडे आणखी टक लावून बघतं. हत्ती तरीही जातोच.

याचा चांगला पुरावा आहे. बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या तीन संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरबेज खेळाडूंसमोर त्यांनी अशी स्थिती मांडली, जिच्यात वजिराचा बळी देऊन घोड्याने कोंडून केलेली ती ओळखीची मात होती, पाच चालींची. त्याच स्थितीत तीन चालींची, कमी ओळखीची मातही होती. खेळाडूंना पहिली मात दिसली. त्यांना सांगितलं, याहून छोटी शोधा. ते म्हणाले, शोधतोय. पण यंत्राने त्यांच्या नजरेची नोंद ठेवली होती, आणि नजर पुन्हापुन्हा पहिली मात होते त्याच घरांवर जात होती. शोधतोय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं! स्थितीत किरकोळ बदल करून घोड्याची मात बंद केली, तेव्हा मात्र छोटी मात सापडली.

जगज्जेतेही यातून सुटत नाहीत. नोव्हेंबर २००६, बॉन. जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणक-प्रोग्रामशी खेळतोय, दुसरा डाव, क्रामनिककडे काळी. ३४ व्या चालीला पांढऱ्याचा घोडा एफ८ या घरावर (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८) मारून बसला. काळा राजा एच८ वर, पांढरा वजीर ई४ वर. क्रामनिकने वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीला एच७ वर मात झाली. एका चालीतली मात! एच७ वरच्या वजिराला घोड्याचा जोर, म्हणजे पाठिंबा असतो, तो आपण शेकडो डावांत पाहिलेला असतो, पण एफ६ वरून किंवा जी५ वरून. एफ८ वरून, म्हणजे मागे वळून, तो फार क्वचित येतो. डोळ्याला ते चित्र ओळखीचं नव्हतं.

आणि १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. गुकेश आणि डिंग लिरेन यांची जगज्जेतेपदाची लढत, गुण साडेसहा-साडेसहा, चौदावा म्हणजे शेवटचा डाव. डिंगकडे पांढरी, एक प्यादं कमी, पण टिकण्यासारखी स्थिती. ५५ वी चाल : हत्ती एफ२. हत्ती गेले की बरोबरी, असा तो विचार असावा. पण डिंगचा उंट ए८ वर, पार कोपऱ्यात होता. हत्ती मारले गेल्यावर गुकेशने उंट डी५ वर आणून समोर उभा केला. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण असतो आणि त्याच कर्णावर हा येऊन बसला, त्यामुळे उंटांची मारामारी टळेना. मागे उरला राजा-प्याद्यांचा हरलेला एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा. गुकेशलाही ते पहिल्या क्षणी दिसलं नव्हतं. तो थांबला, पुन्हा बघितलं, मग दिसलं. हे थांबणं शिकवता येतं, आणि ‘लक्ष दे’ याच्याऐवजी मुलांना द्यायचं ते हेच.

तर, चाल मनात ठरली की हात मांडीवर. दहा सेकंद. ही चाल पटावर झालेली आहे असं समजायचं आणि खुर्ची फिरवल्यासारखं समोरच्याच्या बाजूने बघायचं. त्याचे सगळे शह पाहायचे, मूर्ख वाटणारेसुद्धा. मग त्याच्या सगळ्या मारामाऱ्या. मग एका चालीच्या धमक्या. शेवटी, मी जे मोहरं हलवतोय ते आत्तापर्यंत कोणाला जोर देत होतं? निम्मे ब्लंडर, म्हणजे घोडचुका, या शेवटच्या प्रश्नात पकडले जातात, असा माझा अंदाज आहे. लांब कर्ण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजरेने ओढून बघा, आणि मागे येणाऱ्या चाली मुद्दाम बघा. उंट आणि घोडा मागे येतात तेव्हाच ते नजरेतून निसटतात.

‘वेळ कुठून आणायचा?’ हे मला दरवेळी विचारतात. हिशेब करू. घड्याळात प्रत्येकाला नव्वद मिनिटं, अधिक दर चालीला तीस सेकंद. चाळीस चालींचे दहा-दहा सेकंद म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. वाढीव सेकंदांतूनच वीस मिनिटं मिळतात.

ब्लुमेनफेल्ड नावाचे जुने रशियन खेळाडू होते. त्यांचा सल्ला असा, की चाल आधी स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर लिहा आणि मग नवशिक्याच्या डोळ्यांनी पट बघा. उत्तम सल्ला, पण आता नियमात बसत नाही. बरोबरीचा दावा वगैरे सोडला तर चाल आधी लिहायला फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची बंदी आहे, तेव्हा मुलांना ते शिकवू नका, पंच ताकीद देतील. त्याऐवजी समोरच्याची चाल पूर्ण लिहायची आणि त्यानंतरच विचार सुरू करायचा. ती लिहिताना स्वतःला विचारायचं, या चालीने कुठली ओळ उघडली, कुठल्या मोहऱ्याचा जोर गेला?

संयोजकांनी पाच मिनिटांची खूण केली आहे. मूळ विषय घाईने सांगतो.

हरल्यावर लगेच इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक-प्रोग्राम लावू नका. स्थिती किती वाईट ते सांगणारा उणे चारचा आकडा दिसतो, मूल म्हणतं ‘इथे चुकलो’ आणि विषय संपतो. चूक का झाली ते इंजिनला माहीत नाही. आधी स्कोअरशीटच्या मागे दोन ओळी लिहून घ्या : त्या चालीला मी काय बघत होतो, काय बघितलंच नाही, घड्याळात किती वेळ होता. दहा डावांच्या अशा ओळी जमल्या की तीच ती चूक उघडी पडते. कुणी कर्ण विसरतो, कुणी जिंकत आल्यावर भराभर खेळतो.

एका दिवसात दोन-तीन फेऱ्या असतील तर मध्ये खाणं, पाणी, पंधरा मिनिटं चालणं. मोबाइलवर ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, अजिबात नको. त्यात दहा सेकंदांची सवय मोडते, शिवाय हार भरून काढायची घाई तशीच पुढच्या पटावर येते. पुढच्या फेरीत गेलेला गुण परत मिळवायला म्हणून वेगळं, धाडसी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, काढू नका. जे रोज खेळता तेच खेळा, आणि पहिल्या दहा चालींत तो थांबा जाणूनबुजून पाळा, सगळ्या चाली पाठ असल्या तरी.

सरावाबद्दल एकच. कोडी सोडवताना ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच माहीत असतं, डावात तशी घंटा वाजत नाही. म्हणून प्रशिक्षकांनी दहा स्थिती द्याव्यात, त्यांतल्या चारांत काहीच नसावं, नुसती शांत चाल बरोबर असावी. खऱ्या पटावर, उत्तर वहीत, मोहऱ्याला हात न लावता. आणि पालकांनो, दारात पहिला प्रश्न ‘जेवतोस ना?’ एवढाच. स्कोअरशीट संध्याकाळी काढा.